अंत्यदर्शन: वेस्टमिन्स्टर हॉल ते दादर चौपाटी

मंडळी, राणी एलिझाबेथ यांचं निधन झालं त्या सप्टेंबर २०२२ पासून एक प्रश्न आपल्या गप्पांमध्ये वरचेवर येतो. इथले लोक ज्याला 'लाइंग इन स्टेट' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं? 'अंत्यदर्शन' हा शब्द लगेच तोंडात येतो. पण आपल्याकडे पेपरात 'शासकीय इतमामात अंत्यसंस्कार' असं छापून येतं, ते आणि हे एकच का? मुलं विचारतात, तेव्हा आम्हालाही नीट उत्तर देता येत नाही. म्हणून या विषयाची जमेल तेवढी माहिती एका जागी आणावी असं ठरवलं. विषय जरा गंभीर आहे, पण आपल्या एजवेअरशी त्याचा अगदी जवळचा संबंध निघाला. तो पुढे येईलच.

आधी शब्दांचा गुंता सोडवूया, कारण इथे चार वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. दिवंगत व्यक्तीचं पार्थिव सार्वजनिक जागी ठेवून लोकांना समोरून जाऊ देणं, हे अंत्यदर्शन. पार्थिवावर राष्ट्रध्वज, पोलिसांची किंवा सैन्याची मानवंदना, बंदुकीच्या फैरी, हा झाला शासकीय इतमाम. ध्वज अर्ध्यावर उतरवणं आणि सरकारी कार्यक्रम रद्द करणं म्हणजे दुखवटा. आणि पार्थिव घेऊन निघते ती अंत्ययात्रा. एकाच व्यक्तीला हे चारही मिळू शकतात, किंवा यातलं एखादंच. अंत्यदर्शनाला लाखो लोक आले पण सरकारने साधा ध्वजही उतरवला नाही, असंही घडलेलं आहे. उलटही घडतं: पार्थिवावर तिरंगा असतो आणि बाहेर रांग नसते.

इकडची पद्धत

ब्रिटनमध्ये हा मान फार थोड्यांना मिळतो. राजा किंवा राणी, क्वचित राजाची पत्नी, आणि त्याहून क्वचित एखादा सामान्य घरातला माणूस. पार्लमेंटच्या आवारातला वेस्टमिन्स्टर हॉल ही त्याची ठरलेली जागा. ही इमारत १०९७ सालची, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याही पाचशे वर्षांहून जास्त आधीची. पण तिथे अंत्यदर्शनाची प्रथा मात्र फार जुनी नाही. पहिला मान मिळाला तो १८९८ मध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना. राजांमध्ये पहिले सातवे एडवर्ड, १९१० साली. म्हणजे या हॉलमध्ये राजाच्या आधी एका नागरिकाचं अंत्यदर्शन झालं. आम्हाला हे वाचून गंमत वाटली.

त्याआधी जागा वेगळ्या असत. अॅडमिरल नेल्सन यांचं पार्थिव जानेवारी १८०६ मध्ये ग्रिनिचच्या पेंटेड हॉलमध्ये ठेवलं होतं. ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांचं १८५२ मध्ये चेल्सीच्या रॉयल हॉस्पिटलमध्ये. चेल्सीला एवढी गर्दी लोटली की चेंगराचेंगरीत माणसं दगावली. आज ज्या शिस्तशीर रांगेचं आपण कौतुक करतो, ती काही इंग्रजांच्या रक्तातून आलेली नाही हे ध्यानात ठेवावं. अनुभवातून शिकून, आखणी करून ती बसवली आहे.

विसाव्या शतकात राजघराण्याबाहेरचं मोठं नाव एकच, विन्स्टन चर्चिल. जानेवारी १९६५ मध्ये तीन दिवसांत ३,२१,३६० लोक त्यांच्या शवपेटीसमोरून गेले. मार्गारेट थॅचर यांना २०१३ मध्ये हा मान दिला गेला नाही. त्यांची शवपेटी एक रात्र पार्लमेंटमधल्या प्रार्थनागृहात होती आणि दुसऱ्या दिवशी सेंट पॉल्समध्ये अंत्यविधी झाला. सैनिकी थाट होता, पण जनतेसाठी रांग नव्हती. राजघराण्याबाहेरच्या व्यक्तीला पूर्ण शासकीय अंत्यविधी द्यायचा तर इथे राजाची संमती आणि पार्लमेंटचा ठराव लागतो. एका माणसाच्या तोंडी आदेशावर हे होत नाही.

एक अपवाद मात्र आम्हा इंजिनीअर मंडळींना विशेष भावला. ५ ऑक्टोबर १९३० रोजी आर-१०१ हे प्रचंड हवाई जहाज फ्रान्समध्ये बोवे गावाजवळ कोसळून पेटलं. ते निघालं होतं कराचीला, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात. ५४ पैकी ४८ जण गेले. त्यांत हवाई खात्याचे मंत्री होते, तसेच इंजिनांवर काम करणारे साधे तंत्रज्ञही होते. बरीचशी पार्थिवं ओळखण्याच्या पलीकडची होती. त्या सगळ्यांच्या शवपेट्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या आणि लोक दर्शनाला आले. मंत्री कुठला आणि फिटर कुठला, हे बघणाऱ्याला कळण्याचा प्रश्नच नव्हता. कार्डिंग्टनला त्या सर्वांना एकाच ठिकाणी दफन केलं.

आता राणीच्या वेळची रांग. निधन ८ सप्टेंबर २०२२ ला स्कॉटलंडमध्ये बालमोरलला झालं. आधी एडिंबरोच्या सेंट जाइल्स कॅथीड्रलमध्ये एक दिवस दर्शन, मग लंडन. वेस्टमिन्स्टर हॉल १४ तारखेच्या संध्याकाळी ५ पासून १९ तारखेच्या पहाटे साडेसहापर्यंत रात्रंदिवस उघडा होता. रांग थेम्सच्या काठाने थेट सदर्क पार्कपर्यंत गेली. हातात बांधायला रंगीत पट्टी मिळायची, म्हणजे पाणी प्यायला किंवा शौचालयाला जाऊन परत आपल्या जागी येता यावं. वाट बघण्याचा वेळ एका टप्प्यावर २४ तासांच्याही वर गेला. आपल्या भागातून स्टॅनमोरहून ज्युबिली लाइनने सरळ बर्मंडसी गाठता येत असल्यामुळे ओळखीतले बरेच जण जाऊन आले. थर्मास, थेपले आणि गुडघ्याला पट्टा, अशी तयारी होती.

सवयीप्रमाणे आम्ही हिशोब मांडला. साडेएकशे नऊ तासांत सुमारे अडीच लाख लोक, म्हणजे तासाला साधारण २,२८०, मिनिटाला ३८. चर्चिल यांच्या वेळी वेग जवळजवळ दुप्पट होता. तेव्हा विमानतळासारखी सुरक्षा तपासणी नव्हती, हे एक कारण असावं. हा २,२८० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आत गेल्यावर दिसतं काय? मध्यभागी उंच चौथरा, त्यावर बंद शवपेटी, पेटीवर राजध्वज आणि मुकुट. चारी बाजूंना मान खाली घालून उभे असलेले पहारेकरी, जे दर वीस मिनिटांनी बदलतात. फोटो काढायला मनाई. बोलणं नाही. हार-फुलं नाहीत. थांबायचं, मान झुकवायची आणि पुढे सरकायचं. चेहरा दिसत नाही. आपल्याकडून गेलेल्या एका ज्येष्ठ काकूंनी बाहेर आल्यावर विचारलं होतं, "अहो, पण दर्शन कुठे झालं?" त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. इंग्रजीत पार्थिव 'असतं', आपण 'दर्शन' घेतो. आपल्या शब्दातच चेहरा पाहणं आलं.

आता जगात सगळीकडे पेटी बंदच असते असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं पार्थिव उघड्या पेटीत होतं आणि तीन दिवसांत सुमारे अडीच लाख लोकांनी दर्शन घेतलं. अमेरिकेत कॅपिटॉलच्या घुमटाखाली ठेवण्याची प्रथा १८५२ पासून आहे. तिथे सरकारी पदावर नसलेल्यांसाठी थोडा वेगळा दर्जा आहे आणि २००५ मध्ये तो रोझा पार्क्स यांना मिळाला. असो.

तिकडची पद्धत

आपल्याकडे मुळात वेळ नसतो. माणूस गेला की शक्यतो त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी दहन. हवा उष्ण, आणि शेकडो वर्षांची रीत. त्यामुळे पार्थिव चार दिवस एका सभागृहात ठेवणं हे आपल्या कल्पनेतच बसत नाही. जागाही ठरलेली नाही. बहुतेक वेळा पहिलं अंत्यदर्शन राहत्या घरी, मग पक्षाचं कार्यालय किंवा नाट्यगृह किंवा मैदान, आणि तिथून स्मशान. ज्या जागी माणसाने आयुष्य घालवलं तिथे लोक येतात. मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ ला गेले, तेव्हा दुसऱ्या दिवशी पणजीत पार्थिव आधी पक्षाच्या कार्यालयात, मग कला अकादमीत ठेवलं आणि संध्याकाळी मिरामारला अंत्यसंस्कार झाले. रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री गेले. दुसऱ्या दिवशी नरिमन पॉइंटच्या एनसीपीएच्या हिरवळीवर सकाळी १० पासून दर्शन, दुपारी ४ वाजता वरळीकडे प्रस्थान, असं जाहीर झालं होतं.

आता तो २,२८० चा आकडा घ्या. वेस्टमिन्स्टरच्या वेगाने सहा तासांत किती लोक दर्शन घेऊ शकतील? चौदा हजारसुद्धा नाहीत. मुंबईत एवढी माणसं थोड्याच लोकलमधून उतरतात म्हटलं तरी चालेल. म्हणून आपल्याकडे रांगेपेक्षा अंत्ययात्रेला महत्त्व आलं असावं असा आमचा अंदाज आहे. लोक पार्थिवापर्यंत पोहोचू शकत नाहीत, तेव्हा पार्थिवच लोकांमधून नेलं जातं. उघडा ट्रक, उंचावर ठेवलेलं पार्थिव, गच्च्या-गॅलऱ्यांमधून वाकून बघणारी माणसं. इंग्रजांनी वेळ वाढवून जो प्रश्न सोडवला, तो आपण रस्ता वाढवून सोडवला.

याचं पहिलं मोठं उदाहरण लोकमान्यांचं. १ ऑगस्ट १९२० ला मध्यरात्र उलटल्यावर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात टिळक गेले. बातमी पसरली तशी रात्रीच गर्दी सुरू झाली. वरच्या मजल्यावर एवढ्यांना नेणं अशक्य होतं. तेव्हा पार्थिव पद्मासनात बसवून सज्जात ठेवलं, म्हणजे खाली रस्त्यावर उभ्या असलेल्यांना चेहरा दिसावा. बाहेर पाऊस. नेहमीच्या सोनापूरच्या स्मशानात हा जनसमुदाय मावणार नव्हता, म्हणून खास परवानगी काढून गिरगाव चौपाटीच्या वाळूत दहन झालं. खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते, शौकत अली होते. हे सगळं ब्रिटिश राज्यात, ज्या सरकारने राजद्रोहासाठी टिळकांना सहा वर्षं मंडालेला ठेवलं त्याच सरकारच्या राज्यात. इतमामाचा प्रश्नच नव्हता. तोफ नाही, ध्वज नाही, सुट्टी नाही. अंत्यदर्शन मात्र असं झालं की मुंबईत अजून त्याची आठवण निघते.

दुसरं उदाहरण बाबासाहेबांचं. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत अलीपूर रोडवरच्या घरी त्यांचं महापरिनिर्वाण झालं. पार्थिव विमानाने मुंबईला आणलं ते मध्यरात्रीनंतर पोहोचलं. तिथून दादरच्या हिंदू कॉलनीतल्या राजगृहात. हे घर त्यांनी स्वतः बांधलेलं, पुस्तकांसाठी म्हणून बांधलेलं. ७ तारखेला तिथे लोकांनी अंत्यदर्शन घेतलं. दुपारी अंत्ययात्रा निघाली आणि संध्याकाळी दादर चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. भदन्त आनंद कौसल्यायन तिथे होते, आणि त्या चितेसमोर लाखाच्या घरात लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दोनच महिन्यांपूर्वी नागपूरला जे घडलं होतं, ते शोकाच्या क्षणी पुन्हा घडलं. जगात कुठल्याही अंत्यविधीत असं काही झाल्याचं आमच्या वाचनात नाही.

आणि ती रांग अजून संपलेली नाही. चौपाटीवरच्या त्या जागी चैत्यभूमीचा स्तूप उभा राहिला आणि दरवर्षी ६ डिसेंबरला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून लाखो लोक दादरला येतात. शिवाजी पार्कात मुक्काम करतात, पुस्तकं विकत घेतात, रात्रभर रांगेत उभे राहून अस्थींना वंदन करतात. वेस्टमिन्स्टरची रांग साडेचार दिवसांची होती. ही १९५६ पासून सुरू आहे. इथल्या एखाद्या मित्राने 'तुमच्याकडे असं काही असतं का' म्हणून विचारलं, तर आम्ही आधी दादरचं नाव घेऊ.

शासकीय इतमाम कोणाला?

स्वातंत्र्यानंतर हा मान आधी राष्ट्रपती, पंतप्रधान, मंत्री, राज्यपाल अशा पदांपुरता होता. पुढे राज्य सरकारं आपल्या अधिकारात कलावंत, समाजसेवक, लेखक यांनाही तो देऊ लागली. पंडित भीमसेन जोशी (२०११), सिंधुताई सपकाळ आणि लता मंगेशकर (दोघीही २०२२) या सगळ्यांना तो मिळाला. बाळासाहेब ठाकरे यांनी कधीच सरकारी पद घेतलं नव्हतं, तरी १८ नोव्हेंबर २०१२ ला शिवाजी पार्कवर त्यांचे अंत्यसंस्कार शासकीय इतमामात झाले. मातोश्रीहून पार्थिव निघालं, सेनाभवनाजवळ थांबलं, मग मैदानात मंचावर दर्शनासाठी ठेवलं.

कोणाला द्यायचं याचा निर्णय महाराष्ट्रात मुख्यमंत्री घेतात. २०१८ मध्ये श्रीदेवी यांच्या अंत्यविधीत पार्थिवावर तिरंगा होता, तेव्हा निकष काय असा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला आणि हा अधिकार मुख्यमंत्र्यांचा आहे एवढंच उत्तर मिळालं. आमचं मत विचाराल तर, कलावंतांना मान मिळतो याचा आनंदच आहे. पण लेखी निकष असायला हवेत. इंग्रजांचा कंजूषपणा नको, पण त्यांचा ठरावाचा मार्ग घेण्यासारखा आहे. ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं की मग अमक्याला का आणि तमक्याला का नाही ही चर्चा ऐन दुःखात घरच्यांना ऐकावी लागते.

राष्ट्रध्वजाबद्दल मात्र नियम स्पष्ट आहेत. ध्वजसंहितेनुसार पार्थिवावर तिरंगा फक्त शासकीय, सैनिकी किंवा केंद्रीय निमलष्करी दलांच्या अंत्यविधीतच घालता येतो. केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला. चितेला अग्नी देण्यापूर्वी किंवा दफनापूर्वी ध्वज काढायचा, तो जाळायचा नाही, खड्ड्यात उतरवायचा नाही. इतर कोणाच्या पार्थिवावर तिरंगा घालणं हा कायद्याने राष्ट्रध्वजाचा अपमान ठरतो. आपल्यापैकी कोणाला वडिलधाऱ्यांच्या अंत्यविधीला प्रेमाने तिरंगा घालावासा वाटला, तर हे माहीत असावं. इथे भारताचा कायदा चालत नसला तरी ध्वज तोच आहे.

मैदानांचा वादही सांगायला हवा. शिवाजी पार्क हे खेळाचं मैदान. बाळासाहेबांनंतर आणि पुन्हा लतादीदींनंतर, तिथेच स्मारक व्हावं ही मागणी आणि मैदान मोकळं राहू द्या हा विरोध, दोन्ही झाले. अंत्यदर्शन एका दिवसाचं असतं, स्मारक कायमचं. दादरची पोरं कुठे खेळणार हा प्रश्न आम्हाला रास्त वाटतो, आणि तो विचारणाऱ्याला श्रद्धा नाही असं कोणी म्हणू नये.

आपल्या दारातून जाणारे दोन रस्ते

आता एजवेअरचा संबंध. एजवेअरहून लंडनच्या मध्यभागी जायचे दोन मुख्य मार्ग: रस्त्याने ए-५, म्हणजे जुना रोमन रस्ता, आणि भुयारी रेल्वेची नॉर्दर्न लाइन.

ए-५ धरून सरळ दक्षिणेला गेलं की क्रिकलवुड, किलबर्न आणि मग मेडा व्हेल. तिथे डावी-उजवीकडच्या शांत गल्ल्यांत १०, हाउली प्लेस हे घर आहे. चिरोल खटल्यासाठी लोकमान्य लंडनला आले तेव्हा १९१८-१९ मध्ये इथे राहिले. दारावर १९६१ पासून त्यांच्या नावाची निळी पाटी आहे. खटला ते हरले, परत गेले, आणि वर्षाच्या आत सरदारगृहाच्या सज्जातलं ते अंत्यदर्शन झालं. घर खाजगी आहे, तेव्हा बाहेरूनच पाहावं आणि बेल वाजवू नये.

नॉर्दर्न लाइनने गेलात तर गोल्डर्स ग्रीन, हॅम्पस्टेड, बेल्साइझ पार्क आणि मग चॉक फार्म. स्टेशनपासून थोडं चालत १०, किंग हेन्रीज रोड. विद्यार्थी असताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहत. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर विकत घेऊन स्मारक केलं. आत जाता येतं, पण वेळा आधी पाहून जा.

मुंबईच्या दोन चौपाट्यांवरची दोन सर्वांत मोठी अंत्यदर्शनं ज्यांची, त्यांची घरं आपल्या दारातून जाणाऱ्या दोन मार्गांवर आहेत. १ ऑगस्ट आणि ६ डिसेंबरला आपण इथे हॉलमध्ये भाषणं ठेवतो. त्याऐवजी मुलांना घेऊन या दारांपर्यंत चालत गेलो तर? कार्यकारिणीने विचार करावा.

परमुलुखातल्या मृत्यूचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक नाव. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला आले होते. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्सला त्यांचं निधन झालं. वय अवघं विशीचं. इटलीत तेव्हा दहनाची रीत नव्हती. बरोबरच्या मंडळींनी परवानगी मिळवली आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, रात्री, चिता रचली. संगमच का, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. तिथे आज त्यांची छत्री आणि अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या मोठ्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात. फ्लॉरेन्सला सुट्टीत जाल तर कॅशिने बागेच्या पार टोकापर्यंत जा.

आणि आपण?

६ फेब्रुवारी २०२२, रविवार. लतादीदी मुंबईत सकाळी सव्वाआठच्या सुमारास गेल्या. तेव्हा इथे पहाटेचे पावणेतीन झाले होते. आपण उठून चहा घेताना बातमी कळली. तोपर्यंत पार्थिव ब्रीच कँडीहून पेडर रोडच्या प्रभुकुंजला पोहोचायची वेळ होत आली होती, आणि आपण जेवायला बसलो तेव्हा, पावणेदोनच्या सुमारास, शिवाजी पार्कवर अग्नी दिलासुद्धा होता. पहिल्या विमानाने निघालेला माणूसही पोहोचू शकला नसता. राणीच्या वेळी ऑस्ट्रेलियाहूनही लोक येऊन रांगेत उभे राहिले, कारण मध्ये दहा दिवस होते.

मोठ्या माणसांचं सोडा. हेच आपल्या घरी होतं. रात्री दोनला फोन वाजतो. भाऊ विचारतो, "थांबू का?" या प्रश्नाचं उत्तर आपल्यातल्या कितीतरी जणांनी दिलेलं आहे. २०२० आणि २०२१ मध्ये तर नेहमीसारखी विमानं नव्हती, आणि आई-वडिलांचं अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर घेणारे सभासद आपल्याच मंडळात आहेत. त्यांना 'तुम्ही निदान पाहिलंत तरी' असं म्हणू नये, ही विनंती.

भारतात थांबायचं ठरलं तर आता बऱ्याच शहरांत शीतपेटी किंवा रुग्णालयाचं शवागार मिळतं आणि एक-दोन दिवस सहज निघतात. पण हे बोलणं आधी झालेलं बरं. आई-वडिलांची इच्छा काय, भावंडांना चालेल का, हे सुट्टीत गेल्यावर शांतपणे विचारून ठेवा. अवघड वाटतं, पण ज्यांनी विचारलं त्यांना त्या रात्री सोपं गेलं.

इथे कोणी गेलं तर परिस्थिती अगदी उलटी असते. डॉक्टरांचा दाखला, सप्टेंबर २०२४ पासून वैद्यकीय परीक्षकाची तपासणी, मग नोंदणी, मग स्मशानगृहाची वेळ. आठवडा-दोन आठवडे सहज जातात, कधी जास्तही. आपल्या भागात गोल्डर्स ग्रीन (१९०२ पासून) आणि हेंडन ही दोन स्मशानगृहं जवळची. तिथे विधीला मिळणारा वेळ अर्धा-पाऊण तासाचा असतो, त्यात अंत्यदर्शन आणि मंत्र दोन्ही बसवणं कठीण. म्हणून अनुभवी मंडळी अंत्यदर्शन आदल्या दिवशी अंत्यविधी व्यवस्थापकांच्या दर्शनखोलीत ठेवतात, किंवा त्या दिवशी सकाळी पेटी तासभर घरी आणतात. पेटी उघडी ठेवता येते, तसं आधी सांगावं लागतं. स्नान घालणं, नऊवारी नेसवणं, तुळशीपत्र आणि गंगाजल, हे घरच्यांना स्वतः करू देतात. अत्तर, चंदन, फुलं चालतात. नारळ पेटीत ठेवायचा असेल तर आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी नको म्हणतात. घर लहान असेल किंवा जिना अरुंद असेल तर पेटी आत येईल का, हे मोजून घ्या. हे आम्ही गंमत म्हणून लिहीत नाही, एजवेअरच्या फ्लॅटमध्ये हा प्रश्न खरोखर येतो.

उघड्यावर चिता इथे रचता येत नाही. न्यूकॅसलच्या एका हिंदू गृहस्थांनी यासाठी खटला लढवला, तेव्हा २०१० मध्ये अपील न्यायालयाने भिंती-छताला मोकळी जागा असलेल्या इमारतीत असं दहन कायद्यात बसू शकेल असं म्हटलं. रोजच्या व्यवहारात मात्र स्मशानगृह हाच मार्ग आहे. पार्थिव भारतात न्यायचं असेल तर कॉरोनरला कळवणं, पार्थिवावर रासायनिक प्रक्रिया केल्याचा दाखला आणि ऑल्डविचच्या भारतीय उच्चायोगाची कागदपत्रं लागतात. यात अनुभवी व्यवस्थापक असला तर फार धावपळ होत नाही.

पुढच्या वेळी कोणी मोठं माणूस गेल्याची बातमी आली, तर मंडळाने त्याच संध्याकाळी हॉल उघडावा असं आम्ही सुचवतो. फोटो, समई, थोडी फुलं, आणि येईल त्याने दोन मिनिटं उभं राहून जावं. भाषणं आठवड्याने ठेवता येतील. हॉलच्या किल्लीची जबाबदारी कोणी घ्यायची, एवढंच पुढच्या सभेत ठरवायचं आहे. ज्यांचं घर हॉलपासून चालत दहा मिनिटांच्या आत आहे, त्यांनी नावं द्यावीत.